सिंगापुरा मांजर

वंशावळीची नोंद ठेवल्या जाणाऱ्या मांजरांमध्ये सिंगापुरा ही सर्वांत लहान चणीची जात मानली जाते. पूर्ण वाढलेल्या भाटीचे वजन सर्वसाधारणपणे 1.8 ते 2.7 किलोग्रॅम आणि बोक्याचे 2.7 ते 3.6 किलोग्रॅम भरते. वाढ सावकाश होते. ती पूर्ण होण्यास दीड ते दोन वर्षे लागतात. सिंगापूरच्या मलाय नावावरून जातीला हे नाव मिळाले. मंचकिन जातीचा बुटकेपणा पाय आखूड ठेवणाऱ्या एका जनुकीय दोषामुळे येतो. सिंगापुराचे तसे नाही, तिचे सर्व अवयव प्रमाणबद्ध असून अंग भरीव व स्नायुयुक्त असते. ‘टीकप’ नावाने विकली जाणारी मांजरे ही मुळात वेगळी जातच नव्हे. बहुधा ती अशक्त किंवा वेळेआधी आईपासून तोडलेली पर्शियन पिल्ले असतात.

या जातीत एकच रंग मान्य आहे, त्यास सेपिया अगूटी म्हणतात. जुन्या हस्तिदंतासारख्या पिवळसर पार्श्वभूमीवर गडद तपकिरी छटा असे त्याचे स्वरूप असते. पाठीवरचा एक केस उजेडात धरून पाहिला असता मुळाशी फिकट, टोकाशी गडद आणि मध्ये आलटून-पालटून पट्टे दिसतात. गडद पट्टे निदान दोन असावेत अशी अपेक्षा असते. डोळे मोठे, बदामी आकाराचे असून त्यांना काजळ घातल्यासारखी गडद कड असते.

जातीच्या उगमाविषयी तीव्र मतभेद आहेत. प्रचलित कथेनुसार हॅल आणि टॉमी मेडो या अमेरिकन दांपत्याने 1975 मध्ये सिंगापूरहून परतताना टेस, टिकल आणि पुसे नावाची तीन मांजरे सोबत आणली व ती तेथील रस्त्यांवरची, स्थानिक वाणाची असल्याचे सांगितले. 1981 मध्ये सिंगापूरमधील एका प्राणिदया संस्थेत तशाच रूपाची आणखी एक मांजर आढळली आणि तिचाही पैदाशीत समावेश झाला. कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन या अमेरिकन नोंदणी संस्थेने 1982 मध्ये जातीची नोंद घेण्यास आरंभ केला व 1988 मध्ये तिला स्पर्धेचा पूर्ण दर्जा दिला. तथापि 1987 मध्ये जेरी मेज हे पैदासकार नव्या मांजरांच्या शोधात सिंगापूरला गेले असता, मूळची तीन मांजरे 1974 मध्ये अमेरिकेतूनच सिंगापुरात नेली गेल्याचे दाखवणारी कागदपत्रे तेथे मिळाली. सिंगापूरचे पर्यटन मंडळ या मांजराला शहराचे प्रतीक करण्याच्या विचारात असतानाच हा वाद उघडपणे पुढे आला. मेडो यांचे स्पष्टीकरण असे की, आपण 1970 च्या दशकाच्या आरंभी सिंगापूरहून अमेरिकेस पाठवलेल्या स्थानिक मांजरांचीच ती नातवंडे होती. नोंदणी संस्थेने चौकशी करून गैरप्रकार झाल्याचे मानले नाही आणि जातीचा ‘नैसर्गिक’ हा दर्जा कायम ठेवला. पर्यटन मंडळानेही ‘कुचिंता’ या नावाने हे मांजर स्वीकारले.

टीकाकारांच्या मते सिंगापुरा ही ब्रह्मी (बर्मीज) आणि ॲबिसिनियन यांच्या संकरातून अमेरिकेतच घडवलेली जात असावी. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ब्रह्मी आणि सिंगापुरा या दोन जाती परस्परांच्या अगदी निकट आढळल्या आणि तपासलेल्या जातींपैकी सर्वांत कमी जनुकीय वैविध्य त्यांच्यातच दिसले. हा पुरावा संकराच्या बाजूने जातो खरा, पण तो निर्णायक मानता येत नाही, कारण रंग फिका करणारा सेपिया जनुक मुळात आग्नेय आशियातलाच आहे. आधुनिक ब्रह्मी जातीची आद्य भाटी वाँग माउ ही 1930 मध्ये ब्रह्मदेशातूनच अमेरिकेत पोहोचली होती. केसांवर पट्टे उमटवणारा जनुकही दक्षिण व आग्नेय आशियातील मोकाट मांजरांत सर्रास आढळतो. नाशिकला पंचवटीत किंवा जुन्या गावठाणातल्या वाड्यांच्या भिंतींवर बसणाऱ्या गावठी मांजरांतही अंगावर ठळक पट्टे नसलेली, सशासारख्या मिश्र रंगाची मांजरे दिसतात. तेव्हा हे दोन्ही जनुक सिंगापूरच्या गल्लीतील एखाद्या मांजरात एकत्र येणे अशक्य नव्हते. मात्र मूळ तीन मांजरांचा प्रवास पाहता ब्रह्मी रक्ताचा वाटा नाकारणे अधिक कठीण वाटते.

पाळण्यासाठी पिल्लू निवडण्याच्या दृष्टीने या वादाचे महत्त्व निव्वळ ऐतिहासिक नाही. उगम कोणताही मानला तरी आजची जात मोजक्याच पूर्वजांपासून वाढली आहे आणि त्याचे परिणाम पिल्लाच्या रक्तात उतरतात. पायरुवेट कायनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेचा विकार या जातीत आढळतो. त्यात तांबड्या रक्तपेशी अकाली फुटतात व रक्तक्षय होतो. लक्षणे काही महिन्यांत दिसू शकतात किंवा कित्येक वर्षे दबून राहतात. दोष अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही आला तरच प्रकट होणारा असल्याने, तो एकाकडूनच मिळालेले वाहक मांजर निरोगी दिसते. दोन वाहकांची जोडी लावल्यास प्रत्येक पिल्लू बाधित होण्याची शक्यता 25 टक्के असते. गालाच्या आत कापसाचा बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यावरून या दोषाची जनुकीय चाचणी होते. म्हणून पिल्लाच्या आई-बाप दोघांचाही चाचणी-अहवाल मागावा, आणि वंशावळीच्या कागदावर तीच ती नावे दोन्ही बाजूंना किती वेळा येतात हे स्वतः मोजावे. छापील कागद शुद्धतेची ग्वाही देतो, आरोग्याची नव्हे. काही भाट्यांत प्रसूतीवेळी गर्भाशयाचे आकुंचन अपुरे पडते व शस्त्रक्रिया करावी लागते. त्यामुळे हौसेखातर घरी पैदास करणे या जातीत विशेष धोक्याचे आहे.

भारतात ही जात दुर्मीळ आहे. नाशिकमध्ये परदेशी मांजर म्हटले की बहुधा पर्शियनच समोर येते, आणि सिंगापुरा म्हणून दाखवलेले पिल्लू प्रत्यक्षात फिकट गावठी असणे सहज शक्य आहे. परदेशातून आणायचे झाल्यास केंद्र शासनाच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) विभागाची परवानगी लागते. नाशिककरांना मुंबईचे केंद्र जवळचे. पिल्लू 12 ते 16 आठवड्यांचे झाल्यावरच आईपासून दूर करावे. चणीने इतर जातींच्या पिल्लांहून लहान असले तरी ते चपळ, भरल्या अंगाचे व माणसाजवळ स्वतःहून येणारे असावे.

आहाराबाबत शाकाहारी घरांनी आधीच विचार करावा. मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी असून टॉरीन हे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही; त्याच्या अभावी डोळ्यांचा पडदा झिजतो हे 1975 मध्ये, तर हृदयाचे स्नायू दुबळे होतात हे 1987 मध्ये दाखवले गेले. दूधपोळी आणि दूधभातावर मांजर जगते असा समज आपल्याकडे रूढ आहे, पण तशी मांजरे उंदीर-पाखरे मारून उणीव भरून काढत आली. बंद सदनिकेतील सिंगापुराला ती सोय नाही. द्राक्षे व मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात हे पुरेसे सिद्ध आहे. मांजरांविषयी पुरावा तुरळक असला, तरी हंगामात घरोघरी द्राक्षांचे क्रेट येणाऱ्या या जिल्ह्यात ती मांजराच्या तोंडी लागू न देणेच योग्य.

लहान शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असल्याने उष्णता लवकर निसटते. निफाडकडे पारा एक आकडी होतो त्या दिवसांत आखूड केसांच्या या मांजरासाठी उबदार पेटी लागते. एप्रिल-मेमध्ये सावली आणि दोन-तीन ठिकाणी पाणी पुरते. वजन दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर घ्यावे, कारण 2 किलोग्रॅमच्या भाटीचे 200 ग्रॅम कमी होणे म्हणजे दशांश वजन गेले, आणि नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. लसीकरण व निर्बीजीकरण इतर मांजरांप्रमाणेच करावे. पॅरासिटामॉल कोणत्याही मात्रेत देऊ नये. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त गोचीडनाशक मांजराला विषारी असते, आणि एवढ्या लहान देहात त्याची अल्प मात्राही जीवघेणी ठरू शकते.

सिंगापुराला उंचावर चढून बसण्याची ओढ असते, म्हणून गॅलरी आणि खिडक्यांना जाळी आवश्यक आहे. येवल्याच्या पतंगोत्सवामुळे प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यात संक्रांतीनंतर काही दिवस मांजाचे तुकडे गच्चीत, झाडांवर व खिडकीच्या गजांना अडकून राहतात. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असल्याने तोंडात गेलेला धागा त्याला सहसा थुंकता येत नाही. त्याचे एक टोक जिभेखाली अडकते, दुसरे आतड्यात उतरते आणि आतडे चुणीसारखे गोळा होऊन कापले जाते. तोंडातून किंवा गुदद्वारातून धाग्याचे टोक दिसल्यास ते ओढू नये, कापूही नये. मांजराला लगेच पशुवैद्याकडे न्यावे.