सावली वेगळी, मळ वेगळा

नागपूरच्या धरमपेठेत आम्ही सात-आठ जण दर रविवारी मिनी, म्हणजे रंगवून खेळायचे छोटे पुतळे आणि गाड्या, घेऊन बसतो. दर दोन-तीन रविवारांनी कुणीतरी नवा टँक टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "एअरब्रशने वेदरिंग केलंय, बघ." हातात घेऊन बघावं तर वरून फिकट हिरवा, खाली उतरत गडद हिरवा, खाचाखाचांत काळा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग. काम सुंदर असतं, पण त्यात वेदरिंग, म्हणजे पाऊस-धूळ-वापराने येणारा मळ आणि झीज, कुठेच नसतं. ते शेडिंग असतं, नुसती सावली. हे मी इतक्यांदा बोललोय की आता मी घसा खाकरला की लोक चहा सांगायला उठतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

एअरब्रशबद्दल, म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणाऱ्या पेनबद्दल, फार सांगत बसत नाही, ज्याच्याकडे आहे त्याला कळतं. ०.३ मिलिमीटरची सुई, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय, रंग दुधाइतका पातळ. नागपूरपुरती भर एवढीच, की मे महिन्यात दुपारी ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळतो. रंग हळू वाळवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब घाला, नाहीतर पहाटे उठा. मी पहाटे उठतो. कूलरच्या झोतात बसून फवारू नका. सिंगल ॲक्शन (बटणाने फक्त हवा) घ्यावा की ड्युअल (हवा आणि रंग दोन्ही)? ड्युअल घ्या, विषय संपला.

एअरब्रश हे हत्यार आहे आणि वेदरिंग हा परिणाम, त्यामुळे या दोघांची तुलनाच होत नाही. एअरब्रशने सावली काढता येते आणि धूळही बसवता येते. स्पंजाने, ब्रशने, काडीनेही दोन्ही जमतं. कशाने केलं हे विचारू नका, काय रंगवलं ते विचारा. प्रकाश रंगवला की मळ?

घोळ इथेच होतो, कारण दोन्ही पहिल्या नजरेला खाचांमध्ये काळपटपणा आणतात. फरक बघायचा असेल तर आपल्या कुठल्याही गल्लीत मान वर करा. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर बसवलेला असतो. त्याची सावली भिंतीवर पडते. सकाळी एका बाजूला, संध्याकाळी दुसऱ्या. मे महिन्याच्या शेवटी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा भरदुपारी उभ्या खांबाची सावली पायाशीच गडप होते. पण कूलरच्या टाकीतून वर्षानुवर्षं ठिबकलेल्या पाण्याचा ओघळ कुठेही जात नाही. स्टँडच्या बोल्टपासून निघतो, तिथे गडद तपकिरी असतो, खाली येताना नारिंगी होतो, मग पुसट. त्याच्या दोन्ही कडांना बोअरच्या पाण्यातल्या क्षारांची पांढरी रेघ. दिवाळीला भिंत रंगवली तरी पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा त्याच जागी हजर.

सावली आकाराच्या मागे जाते. मळ पाण्याच्या, वाऱ्याच्या, हातापायांच्या मागे जातो. सावली रंगवताना प्रश्न पडतो, उजेड कुठून येतोय? मळ रंगवताना विचारायचं की पाणी कुठून वाहिलं, चाकाने चिखल कुठे उडवला, माणूस चढताना पाय कुठे ठेवतो.

झेनिथल प्रायमिंग ही निखळ सावलीची पद्धत आहे. आधी सगळीकडे काळा प्रायमर, म्हणजे अस्तराचा रंग, मग बरोबर वरून पांढरा फवारा. २८ मिलिमीटरच्या पुतळ्यावर खोलीतल्या दिव्याने म्हणावी तशी सावली पडत नाही, म्हणून ती आपण रंगाने पाडतो. यात धुळीचा एक कण नाही. प्री-शेडिंग म्हणजे पॅनेलच्या कडा आधी गडद करून वर पातळ मूळ रंग द्यायचा. तेही तेच. गाडी आजच कारखान्यातून निघाली असली तरी या दोन्ही गोष्टी लागणारच, कारण नव्या गाडीवरही सावली पडते.

आता उलटं उदाहरण. उमरेडकडून येणारा कोळशाचा ट्रक नीट बघा. वरच्या फाळक्यांच्या कडा कोळशाने काळ्या, आणि खाली मडगार्डजवळ रस्त्याच्या धुळीने फिक्कट. म्हणजे वर गडद, खाली उजळ. झेनिथलच्या बरोब्बर विरुद्ध! हा ट्रक कुणी वॉश ओतून रंगवायला गेला तर तो ट्रक म्हणून ओळखू येईल, पण रस्त्यावर चाललेला वाटणार नाही.

सगळ्यांत जास्त लोक इथे अडकतात. कोरडी धूळ बहुतेक वेळा मूळ रंगापेक्षा फिकी असते आणि ती खाचांमध्येच साठते. म्हणजे ज्या खाचेत तुम्ही काळा वॉश सोडला, त्याच खाचेत उन्हाळ्यातल्या गाडीवर फिकट करडा-पिवळट थर दिसायला हवा. दोन्ही हवं असेल तर दोन्ही करा, पण एकावर एक. आधी खोल खाचेत सावलीची गडद रेघ, मग तिच्या तोंडाशी धुळीचं पिगमेंट, म्हणजे रंगाची कोरडी पूड. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा घाबरत घाबरत केलं, वाटलं मॉडेल पीठ सांडल्यासारखं दिसेल. जास्तीचं कोरड्या ब्रशने झटकलं आणि तो टँक पहिल्यांदा कुठूनतरी चालून आल्यासारखा दिसला.

थोडा दोष बाटल्यांचाही आहे. सिटाडेल या मिनीच्या रंगांच्या ब्रँडच्या तपकिरी वॉशचं नाव ॲग्रॅक्स अर्थशेड. माती आणि सावली एकाच शब्दात कोंबलेली! मग नवशिक्या पोराने काय समजावं? रंग म्हणून तो उत्तम आहे, माझ्याकडे कायम असतो. पण तो अख्ख्या मॉडेलवर ओतून "चिखल झाला" म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात वर्धा रोड सोडून एखाद्या शेताकडे वळावं. आपली काळी कापसाची माती ओली असताना काळी कुळकुळीत, सुकली की राखाडी, आणि तिला भेगा पडतात. तपकिरी ती नसतेच. बाजारात मिळणारा तयार चिखल युरोपातल्या रणांगणांचा असतो. तो वापरायला हरकत नाही, लढाई तिथली असेल तर.

क्रमही वेगळा असतो. सावली मूळ रंगाच्या खाली किंवा आत जाते, डेकल (आकडे-चिन्हांचे चिकटवायचे छाप) लावायच्या आधी. मळ सगळ्यात शेवटी, डेकलच्याही वर. अंगभर गंजलेल्या गाडीवर लख्ख पांढरा आकडा दिसला की मला अक्षरशः खाज सुटते. डेकल लावा, वॉर्निशचा थर द्या, मग इनॅमलचे ओघळ काढा. थेंब ठेवायचा, थोडा सुकू द्यायचा, व्हाइट स्पिरिटमध्ये जेमतेम ओला केलेला चपटा ब्रश सरळ खाली ओढायचा. तिरका ओढलात तर गाडी वळणावर कलंडलीय असं दिसतं. ओघळ खाली जातो, धूर मात्र वर जातो. जळालेल्या खिडकीच्या वरची भिंत काळी होते, खालची नव्हे. हेही खेळाच्या बोर्डावर, म्हणजे मिनी मांडायच्या मैदानावर, हमखास उलटं असतं.

रंगाचे टवके काढण्यात लोक फार हौशी असतात, तिथे एक हिशोब पुरतो. २८ मिलिमीटरची मिनी साधारण १:५६ धरली तर तुमचा १ मिलिमीटरचा टवका खऱ्या गाडीवर साडेपाच सेंटिमीटरचा होतो. टवके स्पंजाने टिपत असाल तर रंगातला स्पंज कागदावर आधी टिपून घ्या. हेअरस्प्रेची पद्धत मला जास्त आवडते. गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर मूळ रंग, मग पाणी लावून ताठ ब्रशने घासणे. टवके आपोआप वेडेवाकडे निघतात, हाताने काढलेले कधीच तसे येत नाहीत.

बोर्डावर हा घोळ महागात पडतो. फोमच्या फरशांचा बोर्ड खेळताना फिरवला जातो. एका मित्राने सगळ्या फरशांवर डावीकडून ऊन रंगवलं होतं, एअरब्रशने, आठवडाभर राबून. पहिल्याच खेळात दोन फरशा फिरल्या आणि मैदानावर तीन सूर्य उगवले. फरशांवर सावली फक्त वरून, अगदी हलकी. बाकी सगळं मळावर सोडा: पायऱ्यांचा झिजलेला मधला भाग, खिडकीच्या पट्टीखालचा ओघळ, दाराशी तुडवलेली माती. मळ फरशीबरोबर फिरतो, त्याला सूर्याशी देणंघेणं नसतं. फक्त मिनीच्या पायाखालच्या बेसची माती आणि बोर्डाची माती एकाच गावची असू द्या. आणि उघड्या फोमवर स्प्रेचा डबा मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट फोम खातं. फेविकॉल आणि काळ्या ॲक्रिलिकचा थर आधी.

माझा पहिला टँक अजून माझ्याकडे आहे. तीनदा काळा वॉश ओतला होता, वेदरिंग म्हणून. टेबलावर ठेवताच एकाने विचारलं, "काहून बे, सावजीच्या रस्स्यात बुडवून काढला का हा?" नंतर मी त्याची तोफ मोडली आणि जळालेला रणगाडा म्हणून बोर्डाच्या कोपऱ्यात बसवला. वाटलं, इथे तरी काळा चालेल. चालला नाही. रंग जळून गेलेलं उघडं पोलाद एका पावसात नारिंगी गंजतं, काळं राहतं ते फक्त झरोक्यांच्या वरच्या काजळीपुरतं. गेल्या रविवारी त्यावर गंजाचं पिगमेंट चढवायला घेतलंय, एक बाजू व्हायचीय.