पीजेचे रूळ आणि कोलोराडोतला हंस

पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी छोटी गाडी मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत थांबली, ती पुन्हा सुटली नाही. पाचोरा-जामनेर रेल्वे असं लांबलचक नाव आमच्याकडे कुणी घेत नसे, ती 'पीजे'. सुमारे 56 किलोमीटरचा हा मार्ग आता ब्रॉडगेज, म्हणजे साडेपाच फुटी रुळांचा, होणार आहे आणि जामनेरच्या पुढेही जाणार आहे. मोठी गाडी हवीच, त्यात दुमत नाही. पण छोट्या गाडीचं काय जपायचं, कुठे आणि कुणी, हा प्रश्न त्याबरोबरच उभा राहतो. तो समजून घ्यायचा तर ही गाडी इतकी छोटी का होती, इथपासून सुरुवात करावी लागते.

मुंबईहून भुसावळकडे येणारी मुख्य लाईन 1860च्या दशकात खानदेशात पोहोचली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं (1861 ते 1865), इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्या काळ्या जमिनीतल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. लाईनीच्या काठच्या गावांचं भाग्य उघडलं. आतल्या गावांचा कापूस मात्र पुढेही कित्येक वर्षं बैलगाडीनंच स्टेशनावर येत राहिला. साडेपाच फुटी रूळ प्रत्येक तालुक्यापर्यंत नेण्याइतका पैसा कुणाकडे नव्हता.

वाट दाखवली ती बार्शीनं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं 1897 मध्ये कुर्डुवाडी-बार्शी ही अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटर रुंदीची लाईट रेल्वे सुरू केली. त्याची युक्ती साधी होती: इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग हलके रूळ पुरतात, पूल लहान चालतात, भरावाचा खर्चही उतरतो. पुढे किलिक निक्सन या कंपनीच्या कारभाराखाली विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही 'शकुंतला' आणि पुलगाव-आर्वी धावू लागली, आणि पहिलं महायुद्ध संपता संपता, 1918-19च्या सुमारास, आपली पीजे आली. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, जामनेर. कापसाच्या गाठींसाठी घातलेल्या या रुळांवरून मग बाजाराला जाणारे गेले, शाळेची पोरं गेली, शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या रथोत्सवाला जाणारे गेले.

आपल्या सपाट मुलखात अरुंद रूळ आले ते पैशाच्या हिशोबानं. डोंगरात त्यांना दुसरं कारण होतं. रूळ अरुंद असले की गाडी आखूड वळण घेऊ शकते, म्हणजे कडा फोडण्याऐवजी त्याला वळसा घालून जाता येतं. दार्जिलिंगला 1881 मध्ये आणि माथेरानला 1907 मध्ये गाडी चढली ती दोन फुटी रुळांवरून.

अमेरिकेतल्या कोलोराडोत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. विल्यम जॅक्सन पामरनं 1870 मध्ये डेन्व्हर अँड रिओ ग्रँड ही कंपनी काढली आणि रुंदी निवडली तीन फूट. चांदीच्या खाणी रॉकी पर्वतात खोलवर होत्या. 1882 मध्ये रूळ सिल्व्हरटनपर्यंत गेले; कंब्रेस खिंडीत तर ते समुद्रसपाटीपासून 3,000 मीटरच्या वर आहेत. पण 1890 उजाडेपर्यंत मुख्य मार्ग रुंद करायला सुरुवात झालीच, कारण गेज, म्हणजे रुळांची रुंदी, बदलतो तिथे सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागतो. ही हमाली पाचोऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको.

उरलेल्या मार्गांची कथा मला फार जवळची वाटते. रिओ ग्रँड सदर्न ही त्यातली एक गरीब कंपनी. मंदीच्या काळात वाफेचं इंजिन चालवणं परवडेना, पण टपाल पोहोचवण्याचा करार हातचा जाऊ द्यायचा नव्हता. तेव्हा 1931 मध्ये तिच्याच कारखान्यातल्या कामगारांनी जुन्या मोटारीचा सांगाडा घेतला, त्याला रेल्वेची चाकं लावली, मागे मालाचा डबा जोडला. ती गाडी डुलत चाले, आणि इंजिन तापू नये म्हणून उघडी ठेवलेली झाकणं पंखांसारखी फडफडत. लोकांनी नाव ठेवलं 'गॅलपिंग गूस', धावता हंस. असे अनेक हंस बनले. लाईन 1951 मध्ये बंद पडली आणि लगेच रूळ उखडले गेले.

भंगारवाले येण्याआधी काही हात पुढे आले. रॉबर्ट रिचर्डसन हा रेल्वेवेडा माणूस, त्यानं 1950च्या सुमारास 346 नंबरचं, 1881 सालचं वाफेचं इंजिन विकत घेतलं आणि आपल्या मोटेलच्या आवारात उभं केलं. पुढे कॉर्नेलियस हॉकच्या साथीनं 1959 मध्ये गोल्डन गावी कोलोराडो रेलरोड म्युझियम उभं राहिलं. तिथे आज 346 तर आहेच, तीन हंसही आहेत. कंब्रेसचा सुमारे 103 किलोमीटरचा मार्ग 1970 मध्ये कोलोराडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांनी मिळून विकत घेतला. तिथे अजून वाफेच्या गाड्या चालतात.

आपल्याकडे दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय 1977 मध्ये उघडलं. पण आपल्याला जास्त जवळचं आहे ते नागपूरचं मोतीबाग नॅरोगेज संग्रहालय, 2002 सालचं. बंगाल-नागपूर रेल्वेनं सातपुड्यात पसरलेल्या अडीच फुटी मार्गांची आठवण तिथे ठेवली आहे. ते उघडलं तेव्हा नागपूर-छिंदवाडा ही छोटी गाडी अजून चालू होती. ती 2015 मध्ये थांबली. गाडी थांबायच्या तेरा वर्षं आधी तिचं घर तयार होतं, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

पीजे थांबली तेव्हा तिचं असं घर कुठेच नव्हतं. एक इंजिन, दोन डबे आणि त्यांच्याखाली अडीच फुटी रुळांचा एक तुकडा, एवढं तरी पाचोऱ्यातच राहावं. मुख्य लाईनीला लागून ठेवलं, तर साडेपाच फूट आणि अडीच फूट एका नजरेत दिसतील, आणि गाठी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात का टाकाव्या लागत हे लहान पोरालाही न सांगता कळेल.