केडगावच्या मुक्तीमागची वाट

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या उपासनेत, ‘साक्ष’ द्यायला कुणी उभं राहिलं की आजारपण, कर्ज, घरातला मृत्यू असं काहीतरी सांगितलं जातं आणि मग देवानं त्यातून कसं नेलं ते. या बोलण्याची मुळं बायबलमधल्या, पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहेत. तिथे पाचव्या अध्यायात तो संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा अशी साखळी मांडतो. वाचायला दोन ओळी लागतात, पण जगायला किती वर्षं लागतात हे पाहायचं असेल तर पंडिता रमाबाईंचं आयुष्य क्रमानं वाचावं. 1907 साली त्यांनी स्वतःची साक्ष लिहून ठेवली, त्यामुळे हा क्रम त्यांच्याच शब्दांतून हाती लागतो.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला. पुढे सारं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरू लागलं. 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा होतं नव्हतं ते संपलं. झाडपाला आणि पाणी यांवर दिवस काढले. दृष्टी गेलेल्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला, ब्राह्मणपणाचा अभिमान सोडतो, मजुरी करतो. वडील, आई, थोरली बहीण असे एकामागून एक गेले. उरलेली भावंडं उत्तरेकडे चालत राहिली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसवेना म्हणून त्यांनी कबरीसारखे दोन खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली.

या दिवसांत त्यांना ख्रिस्त भेटला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उपाशीपोटी माणसाचा विश्वास वाढतो असं आपण सहज बोलून जातो. रमाबाईंचा तर होता तोही डळमळला. व्रतं झाली, देवांना हाका मारून झाल्या, उत्तर आलं नाही. 1878 मध्ये कलकत्त्याला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, 1881 मध्ये मनोरमा झाली आणि 1882 मध्ये कॉलऱ्यानं पतीही गेले. विधवा रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यात आल्या.

1883 मध्ये त्या इंग्लंडला, वॉन्टेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे गेल्या. सोबत आलेल्या मैत्रिणीनं तिथेच जीव दिला. त्याच काळात रमाबाईंनी लंडनजवळच्या फुलहॅम इथला आश्रम पाहिला. समाजानं टाकलेल्या स्त्रियांची सेवा भगिनी तिथे मायेनं करत होत्या. हे कशामुळे, असं विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. विहिरीवर एकट्या आलेल्या, पाच नवरे होऊन गेलेल्या बाईशी येशू बोलतो, ती गोष्ट. 29 सप्टेंबर 1883 ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथे गोष्ट संपली असती तर ती धर्मांतराची कथा ठरली असती. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, अशी कबुली रमाबाईच साक्षीत देतात. ती भेट 1891 च्या सुमाराची. आपल्या पुण्याईनं काही होणार नाही, जे आहे ते कृपेनं, हे तेव्हा त्यांच्या आत उतरलं. आणि लगेच कसोटीही आली. 1889 मध्ये रमाबाईंनी हिंदू विधवांसाठी मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन आता पुण्यात होतं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला येऊन बसतात यावरून 1893 मध्ये वादळ उठलं. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी प्रार्थनेच्या खोलीचं दार बंद केलं नाही.

मग 1896-97 चा दुष्काळ. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींच्या बातम्या वाचताना त्यांना आपलं रानातलं कुटुंब आठवलं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून पुण्याजवळच्या केडगावच्या शेतात झोपड्या उठल्या. जुन्या भुकेला वीस वर्षांनी असं काम सापडलं. त्या भुकेचं कौतुक रमाबाईंनी कधी केलं नाही, पण दारात आलेल्या मुलीला काय हवं असतं हे त्यांना त्या भुकेमुळेच कळत होतं. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातला देव आपल्या नगरीच्या कोटांना ‘तारण’ म्हणतो, त्यावरून जागेला ‘मुक्ती’ नाव पडलं. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही आल्या. टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन, अंध मुलींसाठी बार्तीमी सदन उभं राहिलं. फुलहॅममध्ये पाहिलेलं त्यांनी केडगावच्या मातीत रुजवलं.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला वाचता यावं अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. छपाईचे खिळे मुक्तीतल्याच बायका जुळवत. ऐकू येणं कमी होत गेलं होतं. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती सारं सोपवायचं होतं तीच. रमाबाई पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तेव्हा त्यांचं काम पुरं झालं होतं. 1924 मध्ये बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं.