फ्लॉवर वर्गाच्या कॉर्व्हेट

दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजांच्या ताफ्यांना पाणबुड्यांपासून संरक्षण देणाऱ्या छोट्या युद्धनौका. १९३९ मध्ये ब्रिटिश नौदलाला किनारी वाहतुकीच्या सोबतीला स्वस्त आणि झटपट बांधून होणारी नौका हवी होती. स्मिथ्स डॉक कंपनीच्या विल्यम रीड यांनी ‘सदर्न प्राइड’ या व्हेलमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावरून तिचा आराखडा बेतला. इंजिन टर्बाइनचे नव्हे, तर व्यापारी जहाजांवरचे जुन्या धाटणीचे वाफेचे होते. त्यामुळे युद्धनौकांचा अनुभव नसलेल्या गोद्यांतही ती बांधता आली. कॅनडानेही अशा नौका मोठ्या संख्येने बांधल्या.

लांबी सुमारे ६२ मीटर, वेग जेमतेम १६ नॉट. पाण्यावर आलेली जर्मन पाणबुडी तिला सहज मागे टाकी. कॉर्व्हेटची खरी भिस्त ॲस्डिक या ध्वनिशोधक यंत्रावर आणि डेप्थ चार्जवर, म्हणजे पाण्याखाली ठरावीक खोलीवर फुटणाऱ्या बाँबवर होती. पाणबुडीवर आपटून परतणाऱ्या ध्वनीवरून अंतर कळे. पण नौका अगदी जवळ पोचली की ध्वनिलहरी पाणबुडीच्या डोक्यावरून निघून जात आणि माग सुटे. डेप्थ चार्ज टाकायचे ते मागच्या टोकाकडून, म्हणजे शेवटचे काही क्षण सगळा मारा अंदाजाने. पाणबुडीचा कप्तान तेवढ्यात वळण घेऊन निसटे. पुढच्या बाजूला एकदम २४ बाँब फेकणारे ‘हेजहॉग’ आल्यावर माग न सोडता मारा करता येऊ लागला.

१९४० मध्ये फ्रान्स पडला, बिस्केच्या उपसागरातली बंदरे जर्मनांना मिळाली, तिथून त्यांच्या पाणबुड्या अटलांटिकमध्ये दूरवर पोचू लागल्या आणि किनाऱ्यासाठी बांधलेल्या या नौकांना थेट अटलांटिकमध्ये जावे लागले. तिथे त्या तगल्या, माणसांचे मात्र हाल झाले. ही ओल्या गवतावरसुद्धा डोलेल, असे खलाशी म्हणत. सुरुवातीच्या नौकांत स्वयंपाकघर मागे, खलाशांची राहायची जागा पुढे आणि मधला डेक उघडा. जेवणाची भांडी लाटा चुकवत न्यावी लागत. पोचेपर्यंत अन्न गार झालेले, कधी खारटही. पुढे आराखडा बदलून पुढचा उंच डेक मागेपर्यंत वाढवला गेला.

ब्रिटिशांनी या नौकांना फुलांची नावे दिली होती. १९४१ च्या नोव्हेंबरात जिब्राल्टरजवळ यू-४३३ ही पाणबुडी बुडवली ती ‘मॅरिगोल्ड’ने. रॉयल इंडियन नेव्हीकडे आलेल्या नौकांची नावे मात्र बदलून आसाम, सिंध, गोंडवन, मराठा अशी ठेवण्यात आली. या वर्गातली आज उरलेली एकमेव नौका ‘सॅकव्हिल’ कॅनडातील हॅलिफॅक्स येथे जतन केलेली आहे.

उथळ किनारी पाण्यात पाणबुडी शोधण्याचे काम संपलेले नाही. त्यासाठीच बांधलेली ‘अर्नाळा’ ही भारतीय नौका जून २०२५ मध्ये विशाखापट्टणम येथे नौदलात दाखल झाली. तिला वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचे नाव आहे.