संक्रमणातल्या अर्थव्यवस्था: लघुउद्योगांची कल्पकता आली कुठून?

पूर्व युरोपात खासगी उद्योग १९८९ नंतर, म्हणजे साम्यवादी राजवटी कोसळल्यावर, एकदम उगवले, असा सर्वसाधारण समज आहे. पण मुळं त्याआधीची आहेत.

नियोजित, म्हणजे सरकारी योजनेनुसार चालणाऱ्या, अर्थव्यवस्थेत संशोधन एका संस्थेत, उत्पादन दुसरीकडे आणि निर्णय मंत्रालयात होत. कारखान्याचं यश ठरवून दिलेल्या उत्पादनावर मोजलं जाई. नवा माल करून पाहण्यात उद्दिष्ट हुकण्याचा धोका, म्हणून व्यवस्थापक त्या वाटेला जात नसत. सुट्या भागांची मात्र कायम टंचाई. ते भाग कामगार स्वतः घडवत आणि जुनी यंत्रं चालती ठेवत. माझ्या मते पुढच्या उद्योजकांची खरी उमेदवारी इथेच झाली.

हंगेरीने १९८२ मध्ये याला कायद्याची वाट दिली. पाळी संपल्यावर कामगारांनी गट करून, सरकारी कारखान्याच्याच यंत्रांवर, स्वतंत्र मोबदल्यावर कामं घ्यावीत. त्याच वर्षी गाबोर बोयार यांनी बुडापेस्टमध्ये ग्राफिसॉफ्ट ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू केली. हंगेरीच्या पाक्श अणुवीज केंद्रातल्या पाइपांच्या जाळ्याचं त्रिमितीय प्रारूप हे तिचं सुरुवातीचं काम. पाश्चात्त्य निर्यातबंदीमुळे मोठे संगणक दुर्मीळ होते, म्हणून प्रोग्रॅम छोट्या संगणकावर बसवावा लागला. पुढे जगभर छोटे संगणक पसरले, तेव्हा हीच काटकसर तिचं बळ ठरली. वास्तुविशारद आराखड्यांसाठी वापरतात ते आर्किकॅड सॉफ्टवेअर या कंपनीचंच.

प्रागमध्ये संशोधन संस्थेत काम करणाऱ्या पावेल बाउदिश यांना १९८८ मध्ये ‘व्हिएन्ना’ हा संगणकातला व्हायरस सापडला. त्यावर उतारा म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमपासून अवास्ट या अँटिव्हायरसची सुरुवात झाली. खासगी कंपनीची सोय नव्हती, म्हणून बाउदिश आणि एदुआर्द कुचेरा यांनी सहकारी संस्था काढली. चीनमध्येही अनेक खासगी कारखाने सामूहिक मालकीचे म्हणून नोंदवले जात. याला तिथे ‘लाल टोपी घालणं’ म्हणत. ही पळवाट मला महत्त्वाची वाटते. मालात नावीन्य आणण्याआधी या लोकांना संस्थेच्या रूपातच ते आणावं लागलं. संशोधनावरचा खर्च आणि पेटंटं मोजून ते दिसत नाही.

पोलंडने डिसेंबर १९८८ च्या कायद्याने खासगी उद्योगांना दार सताड उघडलं. १९९० च्या बाजारपेठी सुधारणांनंतर आयात मालाशी थेट सामना सुरू झाला. बँकांना छोट्यांना कर्ज देण्याची सवय नव्हती, त्यामुळे भांडवल घरचं नाहीतर नातेवाइकांचं. बहुतेकांनी बाहेरचा माल पाहून, त्यात फेरफार करूनच सुरुवात केली.

व्हिएतनामने १९८६ मध्ये ‘दोई मोई’ (नूतनीकरण) नावाच्या आर्थिक सुधारणा जाहीर केल्या, पण कंपनी नोंदणी खऱ्या अर्थाने सोपी झाली ती २००० मध्ये लागू झालेल्या कायद्याने. त्यानंतर नोंदणीकृत खासगी कंपन्या झपाट्याने वाढल्या. त्यांतल्या कित्येक आधीपासून घरगुती पातळीवर चालतच होत्या.