ताजमहाल हॉटेल, मुंबई : इतिहास आणि भुताची दंतकथा

कुलाब्यात अपोलो बंदरावर असलेले हॉटेल. नुसते ‘ताज’ म्हटले की मुंबईकराला आग्र्याआधी हेच आठवते. जमशेटजी टाटांनी उभारलेले हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हते. ते १९२४ साली पुरे झाले. विजेचे दिवे, लिफ्ट, तुर्की हमाम ही त्या वेळच्या मुंबईला मोठीच नवलाई होती. पहिल्या महायुद्धात इथे ६०० खाटांचे रुग्णालय होते. नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्यात इथे ३१ जणांचा बळी गेला. जळालेला जुना भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला.

भुताची गोष्ट या सगळ्यापेक्षा जुन्या काळातली. इंग्रज वास्तुविशारद नकाशे देऊन विलायतेला गेला, परत येऊन पाहतो तर इमारत उलटी बांधलेली : तोंड शहराकडे, पाठ समुद्राकडे! त्याने वरच्या मजल्यावरून उडी घेतली आणि आता तो जुन्या भागात फिरतो. सांगणारे बहुधा डब्ल्यू. ए. चेंबर्सचे नाव घेतात.

पण मूळ नकाशे सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे. वैद्य १९०० साली हिवतापाने वारले, तेव्हा काम अर्ध्यावर होते. चेंबर्स आला तो त्यानंतर, आणि काम पुरे केले ते त्यानेच. स्वतः बांधून घेतलेली इमारत पाहून त्याला धक्का कसा बसावा?

इमारत उलटी दिसते हे मात्र खरे. तिचे दोन बाहू शहराच्या बाजूला पसरलेले आहेत. घोडागाड्या त्यांच्यामधल्या चौकात शिरून थेट दारापाशी थांबत. समुद्राकडची बाजू खोल्यांसाठी राखलेली होती. पुढे दार बंदराच्या बाजूला आले आणि चौकात पोहण्याचा तलाव झाला. आज गेटवेकडून आत शिरणारा माणूस खरे तर मागच्या दाराने जातो. घुमटाखालच्या जिन्याशी उभे राहून वर पाहिले, तर मधे एकही खांब न घेता मजल्यामागून मजला चढत गेलेला दिसतो. एवढा हिशेबी जिना बांधणाऱ्यांनी अख्खी इमारत चुकून फिरवली, हे पटायला भुताइतकीच श्रद्धा लागते.

आणि भूत झाले तेही साहेबाचेच. काम चालू असताना खरोखर गेलेले वैद्य या गोष्टीत कुठेच नाहीत.