वजनगटनिरपेक्ष श्रेष्ठता (मुष्टियुद्ध)

वेगवेगळ्या वजनगटांत लढलेल्या मुष्टियोद्ध्यांची थोरवी, शरीराच्या वजनाचा फायदा वजा करून ठरवण्याची रीत. क्रीडापत्रकार तिला ‘पाउंड फॉर पाउंड’ म्हणतात. या श्रेष्ठतेसाठी लढत होत नाही. ती जाणकारांच्या मतावर आणि नियतकालिकांच्या क्रमवारीवर ठरते. सातारा व सांगली जिल्ह्यांत मुष्टियुद्धाचा प्रसार कुस्तीच्या मानाने बेताचा असला, तरी हलका मल्ल थोर की भारी, हा वाद तालमींतून जुनाच आहे. म्हणून या नोंदीत कुस्ती व भारोत्तोलन यांतील दाखलेही घेतले आहेत.

उगम : ही कल्पना अमेरिकन मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सन याच्यासाठी १९४०–५० च्या दशकांत रूढ झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. डिसेंबर १९४६ मध्ये तो वेल्टरवेट गटाचा (कमाल १४७ पौंड, सुमारे ६६.७ किग्रॅ.) जगज्जेता झाला आणि १४ फेब्रुवारी १९५१ रोजी जेक लामोटाला हरवून त्याने मिडलवेटचे (१६० पौंड) अजिंक्यपद घेतले. त्या काळी हेवीवेटचा जगज्जेता हाच मुष्टियुद्धातला सर्वश्रेष्ठ, अशी लोकांची समजूत होती. रॉबिन्सन हेवीवेटला हरवू शकणार नाही हे उघड होते आणि कौशल्यात त्याच्या तोडीचा हेवीवेट नाही हेही तितकेच उघड होते. या अडचणीतून ‘वजन सारखे धरले तर’ ही भाषा आली, असा हा पक्ष.

दुसरा पक्ष उगम मागे नेतो. लाइटवेटचा जगज्जेता बेनी लिओनर्ड (अजिंक्यपदाचा काळ १९१७–२५) आणि त्याहीपूर्वीचा बॉब फिट्झसिमन्स यांच्याविषयी अशीच भाषा वापरली जात असे, असे काही इतिहासकार दाखवतात. फिट्झसिमन्सने १८९१ मध्ये मिडलवेट, १७ मार्च १८९७ रोजी जेम्स कॉर्बेटला हरवून हेवीवेट आणि १९०३ मध्ये तेव्हा नव्यानेच निघालेल्या लाइट हेवीवेट गटाचे अजिंक्यपद मिळवले. कॉर्बेटविरुद्ध त्याचे वजन सुमारे १६७ पौंड, तर कॉर्बेटचे सुमारे १८३ पौंड होते. पहिला पक्ष लोकप्रिय असला, तरी पुरावा दुसऱ्याकडे झुकतो. रॉबिन्सनमुळे कल्पनेला प्रतिष्ठा मिळाली. ती जन्मली मात्र आधी, बहुधा वजनगट पक्के होत असतानाच.

वजनगटांची घडण फार जुनी नाही. इंग्लिश मुष्टियोद्धा जॅक ब्रॉटनच्या १७४३ च्या नियमांत वजनाचा विचारच नव्हता. १८६७ मध्ये आधुनिक मुष्टियुद्धाचा पाया मानले जाणारे क्वीन्सबेरी नियम आले. त्याच वर्षीच्या हौशी स्पर्धांत लाइट, मिडल व हेवी असे तीनच गट होते. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने १९०९ मध्ये आठ गट निश्चित केले : फ्लाय, बॅन्टम, फेदर, लाइट, वेल्टर, मिडल, लाइट हेवी व हेवी. पुढे मधल्या जागा भरत जाऊन व्यावसायिक मुष्टियुद्धात ते १७ झाले. २०२० मध्ये डब्ल्यूबीसीने (जागतिक मुष्टियुद्ध परिषद, अजिंक्यपदे देणारी एक प्रमुख संस्था) आपल्यापुरता अठरावाही काढला. गटांची नावे खेळागणिक बदलत्या मापाची असतात. १९५२ च्या ऑलिंपिक कुस्तीतला बॅन्टमवेट ५७ किग्रॅ.चा होता, मुष्टियुद्धात एवढ्या वजनाचा माणूस फेदरवेट ठरतो.

भागाकार का चालत नाही : वजनाने भागले की झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. भारोत्तोलनात हा हिशेब करून पाहता येतो, कारण तेथे उचललेले वजन हाच निकाल असतो. सांगलीचा संकेत सरगर याने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किग्रॅ. गटात स्नॅचमध्ये ११३ व क्लीन अँड जर्कमध्ये १३५ (उचलण्याचे दोन प्रकार), एकूण २४८ किग्रॅ. उचलून रौप्यपदक मिळवले; सुवर्ण केवळ एका किलोने हुकले. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेचार पट. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने २०२१ मध्ये २२५ व २६७, एकूण ४९२ किग्रॅ.चा जागतिक विक्रम केला. त्याचे स्वतःचे वजन पावणेदोनशे किलोंच्या पुढे असल्याने त्याची पट तीनपर्यंतही जात नाही. एवढ्यावरून संकेतला लाशाहून श्रेष्ठ म्हणायला सांगलीकरही धजणार नाही.

कारण शरीररचनेत आहे. स्नायूचे बळ त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर वजन घनफळावर. शरीर सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढले, तर बळ वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते. वजन आठपट झाले तर बळ चौपटच होते. त्यामुळे साधा भागाकार लहान माणसाला नेहमीच झुकते माप देतो. भारोत्तोलनात यावर सिंक्लेअर गुणांकासारखी, वेगवेगळ्या वजनांच्या खेळाडूंचे आकडे एका मापावर आणणारी सूत्रे वापरतात. मुष्टियुद्धाला ती लागू पडत नाहीत : ठोशाचा जोर मोजता येतो, पण समोरच्याचा ठोसा चुकवण्याची कला किलोत बसत नाही.

निकष : क्रमवारी लावणारे साधारणपणे चार गोष्टी पाहतात : हरवलेल्या प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, अंगचे कसब, अव्वल दर्जा किती काळ टिकला आणि वजन वाढवून मिळवलेले यश. यांपैकी शेवटच्या निकषावर सामान्य रसिकांचा भर असतो, कारण तो मोजायला सोपा. अडचणही तेथेच आहे.

हेन्री आर्मस्ट्राँगने २९ ऑक्टोबर १९३७ ते १७ ऑगस्ट १९३८ या अवधीत फेदर, वेल्टर व लाइट या तीन गटांची अजिंक्यपदे मिळवली आणि ती एकाच वेळी त्याच्याकडे होती. तेव्हा गट आठ आणि प्रत्येकाचा साधारणपणे एकच जगज्जेता. आज १७ गट आणि चार प्रमुख संस्था धरल्या, तर एका वेळी अजिंक्यपदाचे ६८ पट्टे निघतात. फिलिपीन्सच्या मॅनी पॅकियाओने १९९८ मध्ये ११२ पौंडांच्या गटापासून २०१० मध्ये १५४ पौंडांच्या गटापर्यंत मजल मारत आठ गटांत अजिंक्यपदे मिळवली. त्याची मजल खरोखरच विलक्षण आहे. मात्र आर्मस्ट्राँगचे तीन आणि पॅकियाओचे आठ ही एका मापाची संख्या नव्हे. उलट सॅम लँगफर्ड लाइटवेटपासून हेवीवेटपर्यंतच्या नामांकितांशी लढला, १९०६ मध्ये, पुढे हेवीवेट जगज्जेता झालेल्या जॅक जॉन्सनसमोर १५ फेऱ्या टिकला, पण कृष्णवर्णीय म्हणून नाकारल्या गेलेल्या संधींमुळे त्याला जागतिक अजिंक्यपद कधीच मिळाले नाही. पट्टे मोजणाऱ्या पद्धतीत तो शून्यावर राहतो. कोणाला हरवले आणि तो प्रतिस्पर्धी तेव्हा किती भरात होता, हा निकष म्हणूनच अधिक भरवशाचा वाटतो.

वर चढण्यातला पराभवही काही सांगून जातो. २५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर रॉबिन्सन लाइट हेवीवेट जगज्जेत्या जोई मॅक्सिमशी लढला. रॉबिन्सन १५७.५ पौंडांचा, मॅक्सिम १७३ चा. उष्णता इतकी होती, की दहाव्या फेरीनंतर पंचच बदलावा लागला. गुणांवर पुढे असलेला रॉबिन्सन चौदाव्या फेरीला उठू शकला नाही. नोंदवहीत पराभव लागला, तरी त्याच्या कीर्तीला उणेपणा आला नाही.

अलीकडची उदाहरणे दोन. टेरेन्स क्रॉफर्डने १४० व १४७ पौंडांच्या गटांत निर्विवाद (चारही प्रमुख संस्थांचे) अजिंक्यपद मिळवल्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये १६८ पौंडांवर कानेलो आल्वारेझला हरवले. हेवीवेटला तर वरची मर्यादाच नसते. मे २०२४ मध्ये ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्युरीला हरवले, तेव्हा फ्युरी सुमारे ४० पौंडांनी जड होता.

जाहीर झालेले वजनही जपूनच वाचावे लागते. पूर्वी वजन लढतीच्या दिवशी घेत. १९८० च्या दशकात ते आदल्या दिवशी घेण्याची प्रथा पडली. पाणी तोडून काट्यावर उतरायचे आणि रात्रीत भरून काढायचे, यामुळे रिंगमध्ये उतरणारा माणूस कागदावरच्यापेक्षा बराच भारी असू शकतो. जुन्या-नव्यांची तुलना करणारे हा फरक सहसा विसरतात.

सातारा-सांगली परिसर : येथील जत्रांच्या मैदानांत वजनकाटा नव्हता. जोड लावणे हे वस्ताद व पंचांचे काम. अंगकाठी, तयारी आणि आधीच्या कुस्त्या पाहून ते नजरेने ठरवीत. कुंडल (जि. सांगली) किंवा पुसेगाव (जि. सातारा) येथील मैदानांत पैलवानाची प्रत त्याला नेमलेल्या इनामावरून कळे. लहान इनामाच्या कुस्त्या आधी, पहिल्या क्रमांकाची सर्वांत शेवटी. हलक्या पैलवानाने भारी गड्याला अस्मान दाखवले, की पुढच्या जत्रेत त्याचे इनाम चढे. वजनगटनिरपेक्ष क्रमवारीचे हे रोकड रूप म्हणता येईल.

मानाच्या किताबांनी मात्र वेगळा कौल दिला. महाराष्ट्र केसरीची (प्रारंभ १९६१) गदा खुल्या गटासाठी असते. आज या गटात ८६ ते १२५ किग्रॅ. वजनाचे मल्ल उतरतात. १९६० चे हिंद केसरी गणपतराव आंदळकर (पुनवत, ता. शिराळा) आणि १९६४ चे मारुती माने (कवठे पिरान, ता. मिरज) हे दोघेही भारी वजनाचे. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्यपदक मिळवले, तेही सर्वांत वरच्या दोन गटांत.

स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मात्र हलक्या वजनाने आणले. गोळेश्वर (ता. कराड) येथील खाशाबा जाधव (१९२६–८४) १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे, एक गट वर जाऊन, बॅन्टमवेटमध्ये कांस्यपदकाचे मानकरी ठरले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला, तोही मृत्यूनंतर दीड दशकाहून अधिक काळाने. आंदळकरांना तो १९६४ मध्येच मिळाला होता. या विलंबाला सरकारी अनास्था कारण होती, असे बहुतेकांचे मत. ते खरे असले तरी अपुरे दिसते : गदेवरून मोठेपण ओळखणाऱ्या समाजाकडे ५७ किलोंच्या माणसाला मोजायचे मापच नव्हते. आता महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिन, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

महिला : ऑलिंपिकमध्ये महिला मुष्टियुद्धाचा समावेश २०१२ मध्ये झाला, तेव्हा ५१, ६० व ७५ किग्रॅ. असे तीनच गट होते. मणिपूरच्या मेरी कोमने जागतिक स्पर्धेतील सुवर्णपदके ४५, ४६ व ४८ किग्रॅ. गटांत मिळवली होती. ऑलिंपिकसाठी तिला ५१ किलोंत लढावे लागले व तेथे तिने कांस्यपदक मिळवले. उपांत्य फेरीत तिला हरवणारी ब्रिटनची निकोला ॲडम्स पुढे सुवर्णपदक विजेती ठरली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांचे गट सहा झाले. त्यांतील सर्वांत हलका ५० किलोंचा होता. ४८ किलोंचा गट त्यातही नव्हता.